आष्टी ते नागसेनवन : एक सायकलवाट

स्मरणिकेसाठी लेख द्यावा अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा शाळेच्या जडणघडणीवर काही लिहावे असा आमचा विचार होता. परंतु नववीच्या मुलांनी निराळाच हट्ट धरला : "सर, तुम्ही सायकलवर एकटेच औरंगाबादला गेला होता, ते लिहा." मुलांना आम्ही ती हकीकत वर्गात अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी सांगण्याचे धैर्य तेव्हा झाले नाही. ते आज करीत आहोत.

१४ जानेवारी २०२४ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराला तीस वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवशी रविवार, आदल्या दिवशी दुसरा शनिवार. शुक्रवारची एक किरकोळ रजा टाकली की तीन दिवस हाती येत होते. आष्टीहून नागसेनवनापर्यंत सायकलने जावे, असे आम्ही ठरविले. वय पन्नाशी ओलांडलेले, गुडघे कुरकुरणारे. सहकारी म्हणाले, "आता तर आष्टीला रेल्वेसुद्धा आली, आणि तुम्ही सायकल काढता?" पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीने २०१८ साली सायकलवरून सुमारे एकोणतीस हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यापुढे आमचे दोनशेहून थोडे अधिक किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. आमचे कारण विक्रमाचे नव्हतेच. ते आबांच्या सायकलीचे होते.

आमचे वडील, आबा, ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी आई-आबांचा कोयता कारखान्यावर जाई, तो उन्हाळ्याच्या तोंडी परते. एका वर्षीच्या उचलीतून त्यांनी एक जुनी सायकल घेतली. तिच्याच कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून आणि आम्हाला पुढच्या दांडीवर बसवून त्यांनी वसतिगृहात आणून सोडले. गावाची वेस जवळ आली की आबा सायकलवरून उतरत. चावडी, पार, मारुतीचे देऊळ असे सारे गाव ते सायकल हातात धरून चालत ओलांडीत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बसत. "आबा, पंक्चर झाली का?" असे आम्ही एकदा विचारले. आबा काही बोलले नाहीत. त्यांच्या मौनाचा अर्थ उमगायला आम्हाला पुढे पुष्कळ वर्षे लागली. म्हणून निघताना मनाशी एकच नेम केला : वाटेतील कोणत्याही गावात वेशीपाशी उतरायचे नाही.

१२ तारखेला पहाटे आष्टी सोडली. जामखेडपर्यंत रस्ता ओळखीचा. पुढे सौताड्याची चढण लागली, तेथे मात्र नेम बाजूस ठेवून सायकल ढकलावी लागली. चढापुढे हार मानण्यात अपमान नाही. विंचरणेचा धबधबा पावसाळ्यात दुरून ऐकू येतो, पौषात त्याची बारीक धारही उरत नाही. बालाघाटाच्या माथ्यावरील गावे अर्धी रिकामी होती. दारांना कुलपे, ओट्यावर म्हातारी माणसे आणि त्यांच्या भोवती लहान लेकरे. कर्ती माणसे उसाच्या फडावर गेलेली. आपल्या शाळेच्या पटावरील कितीतरी नावे अशाच कुलूपबंद घरांतून आलेली आहेत. त्या मुलांच्या हाती कोयता येऊ नये म्हणून ही निवासी शाळा उभी आहे, हे अहवालात वाचणे निराळे आणि त्या दारांवरून जाणे निराळे.

दुपारी एका गावात हॉटेलच्या बाकावर टेकलो. बाटलीतले पाणी संपलेले होते. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आपुलकीने चौकशी केली, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" आष्टीचे, शिक्षक आहोत, असे सांगितले. "वा! नाव काय सर?" आम्ही नाव सांगितले. "आडनाव?" माठ समोर होता, त्यावर तांब्या उपडा ठेवलेला होता. आणि आम्ही म्हणालो, "सगळे सर म्हणूनच ओळखतात." ते हसले, तांब्या भरून दिला. आम्ही पाणी प्यालो, चहा घेतला, पैसे देऊन निघालो. मैलभर गेल्यावर ध्यानात आले, की त्या गावात आम्ही सायकलवरून उतरलो होतो. आबा उतरत, तसेच.

ते गृहस्थ वाईट वागले असते असे आम्ही म्हणत नाही. कदाचित आडनाव ऐकूनही त्यांनी तितक्याच प्रेमाने तांब्या भरला असता. आम्ही त्यांना ती संधीच दिली नाही. मुलांना वर्षानुवर्षे ताठ मानेने नाव सांगा असे शिकविणाऱ्या शिक्षकाची ही गोष्ट आहे, आणि हीच ती उरलेली अर्धी हकीकत.

रात्री पाटोद्याला एका माजी विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम केला. त्याच्या आजीने भाकरी, पिठले वाढले. झोप मात्र येईना. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास सांगितला आहे. मसूर स्थानकावर उतरलेली ती मुले दुप्पट भाडे भरून बैलगाडीने निघाली, आणि जवळ जेवण असूनही पाण्यावाचून रात्रभर उपाशी राहिली. नाक्यावर पाणी मागताना बाल भीमाने गाडीवानाच्या सल्ल्याने आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले. तरीही पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आम्ही वर्गात कितीदा शिकविला असेल! तो बालक तहानेने व्याकूळ होता, रात्र होती, वडील भेटले नव्हते. आमच्याजवळ त्यांपैकी कोणतीच सबब नव्हती. संविधान होते, पदव्युत्तर पदवी होती, खिशात पैसे होते. होती ती केवळ जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड गाठले. तेथे मागचे चाक बसले. मिस्त्रींनी पंक्चर काढून ट्यूबला दोन ठिगळे लावली. सायंकाळी गेवराईच्या एका विहारात उतरलो. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडली. पाचोडच्या पुढे रस्त्याकडेला एक वृद्ध शेतकरी मोसंब्यांचा ढीग लावून बसले होते. त्यांनीही तेच विचारले : कुठले, नाव काय? या वेळी आम्ही नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सारे सांगितले, न विचारता पुढे जोडले, "बाबासाहेबांच्या कॉलेजला चाललो आहोत." मोसंबी सोलणारा त्यांचा हात क्षणभर थांबला. मग अर्धी मोसंबी आमच्यापुढे धरून ते म्हणाले, "घ्या, ऊन लई हाय." त्या क्षणात त्यांच्या मनात काय आले, हे आम्हाला ठाऊक नाही. तो क्षण आम्हा दोघांनाही ओलांडता आला, एवढे खरे.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळकडे जाताना दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तेथे त्यांना अपमान सोसावा लागला. त्याच औरंगाबादेत, सोळा वर्षांनी, १९५० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय त्यांनी सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. पाणी नाकारणाऱ्या वाटेवर त्यांनी ज्ञानाची पाणपोई घातली. पुढे २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातील वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडण्यास साडेपंधरा वर्षे लागली.

विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी पोहोचलो तेव्हा निळ्या झेंड्यांची, लेकराबाळांची अलोट गर्दी होती. आम्ही सायकलवरून उतरलो, स्वखुशीने. हँडलवर कपाळ टेकले. आबा हयात असते तर त्यांना सांगितले असते, की उतरण्याजोगी एक वेस आपल्यालाही मिळाली आहे. परतीला सायकल एस.टी.च्या टपावर टाकली. गुडघ्यांनी अधिक परवानगी दिली नाही.

तेव्हापासून हजेरी घेताना आम्ही प्रत्येकाचे पूर्ण नाव पुकारतो : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. हजेरीला वेळ अधिक लागतो. मुले विचारतात, "सर, सगळं नाव कशाला?" त्याचे उत्तर त्यांना आता येथे वाचावयास मिळेल. सायकल शाळेच्या व्हरांड्यात उभी आहे. हवा भरलेली आहे. ज्याला वाटेल त्याने न्यावी. जाताना आम्हाला सांगावे, आणि वाटेत कोणी नाव विचारले तर पूर्ण सांगावे.

जयभीम!