इराण्याच्या दुकानात

अंबड तालुक्यातून मुंबईस प्रथमच आलेल्या त्या बारा वर्षांच्या मुलास बोरीबंदराची भव्य इमारत पाहून जेवढे नवल वाटले नाही, तेवढे त्या दुकानातील खुर्च्या पाहून वाटले. काळसर लाकडाच्या, गोल वाकवलेल्या पाठीच्या त्या खुर्चीवर एकदम बसावे, की आधी तिला हात लावून पाहावे, हे त्याला कळेना. शेजारी डोक्यास पांढरा रुमाल गुंडाळलेले त्याचे वडील मांडीवर पिशवी घेऊन अंग चोरून बसले होते. समोर थोरला भाऊ. पहिल्या पगारातून दोघांस काही खाऊ घालावे म्हणून त्यानेच त्यांना येथे आणले होते.

ही हकीकत २०१३ सालच्या मे महिन्यातील. आदल्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि जालन्याकडील मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. लोकांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवून पाहिली. पण टँकरला विहिरीची सर कोठून येणार! यांच्या बागेतील बहुतेक झाडे सरपणात गेली आणि थोरल्याने मुंबईची गाडी धरली.

ज्या दुकानात ते बसले होते, तसली दुकानेही घर सोडून आलेल्यांनीच उभारलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी इराणातील यझ्द आणि करमान या भागांतून अनेक जरथुश्त्री कुटुंबे छळास व दारिद्र्यास कंटाळून मुंबईस आली. रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा अशुभ समजून इतर दुकानदार ती टाळीत, असे सांगतात. इराण्यांनी नेमक्या त्याच जागा घेतल्या. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ साली निघाले, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ साली. संगमरवरी टेबले, बिस्किटांनी भरलेल्या काचेच्या बरण्या आणि गल्ल्यावर बसलेला मालक, हे त्यांचे ठरलेले रूप. ज्या काळी कित्येक खानावळी जात पाहून पान वाढीत, त्या काळी इराण्याकडे कोणीही यावे आणि चहा प्यावा. मुंबईने या दुकानांचे उपकार मानावेत, ते मस्क्यापेक्षा यासाठीच अधिक.

पोऱ्याने ब्रून-मस्का आणि चहा आणून ठेवला. ब्रून पाव बाहेरून चांगलाच कडक असतो. वडिलांनी तो दाबून पाहिला. मग चहा बशीत ओतला आणि घरी शिळी भाकरी दुधात कुस्करतात, तसा तो पाव बशीत कुस्करू लागले. शेजारच्या टेबलावरील दोन तरुण पाहतच राहिले. धाकटा शरमेने लाल झाला. “अण्णा, असे नाही खात,” तो हळूच म्हणाला.

वडिलांचा हात थांबला.

थोरल्याने काही न बोलता स्वतःचा चहा बशीत ओतला आणि आपला पाव त्यात कुस्करला. “असाच चांगला लागतो,” तो म्हणाला. धाकट्याने क्षणभर दोघांकडे पाहिले व आपलीही बशी पुढे ओढली. खरोखरच चांगला लागत होता.

बशा रिकाम्या झाल्यावर वडिलांनी पिशवीतून चार मोसंबी काढून टेबलावर मांडली. मोसंबी हे नाव आफ्रिकेतील मोझांबिक देशावरून पडले, असे मानतात. पण त्या टेबलावर ती केवळ अंबडची होती. थोरल्याने एक उचलून नाकाशी धरले.

“झाडे किती राहिली, अण्णा?”

“अकरा.” वडील टेबलाच्या दगडावरून बोट फिरवीत राहिले. “पाऊस झाला, तर नवी लावता येतील. तू येशील का?”

बाहेर मोटारींचा गोंगाट चालू होता. थोरल्याने ते फळ खिशात ठेवले. खिसा फुगून वर आला.

“आधी पाऊस तर होऊ द्या,” तो म्हणाला, आणि पोऱ्यास हाक मारून त्याने आणखी एक चहा सांगितला, तिघांत मिळून.