नर्सीचा पाहुणा, घुमानचा घरचा

मैत्रिणींनो, ‘हिंगोलीला फिरायला चला’ असं कुणी म्हटलं, तर तुम्ही हसाल. थंड हवा नाही, समुद्र नाही, खरेदीला मोठा बाजार नाही. पूर्वी परभणी जिल्ह्यातलं हे एक तालुक्याचं गाव. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. स्टेशनवर उतरलात की पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असं भारदस्त नाव दिसेल, आणि बाहेर आलात की हळदीच्या पोत्यांचा वास! लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मलाही पहिले सहा महिने करमलं नव्हतं. पण एका पावसाळ्यात माझ्या घरी पाहुणे आले, आणि त्यांच्यामुळे मला माझंच गाव नव्यानं कळलं. तीच हकिगत आज सांगते.

हिंगोलीपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, कयाधू नदीच्या काठी नर्सी नावाचं गाव आहे. संत नामदेव महाराजांचं हे परंपरेनं मानलेलं जन्मगाव, म्हणून सगळे ‘नर्सी नामदेव’ असंच म्हणतात. जन्म १२७० सालचा, कार्तिकी एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई, घर शिंप्याचं. आषाढी एकादशीला पंढरपूरला गेलेले आमच्याकडचे वारकरी आषाढ वद्य एकादशीला नर्सीला येतात. तिला आम्ही परतवारी म्हणतो. त्या दिवशी सासूबाई काही घरी राहायच्या नाहीत. गुडघे दुखोत की पाऊस पडो, ‘नाम्याला भेटायला’ जायचंच.

२०१६ च्या परतवारीला मीही त्यांच्याबरोबर गेले होते. गर्दी ही एवढी! पायाखाली चिखल, वरून पाऊस. त्या गर्दीत एक पंजाबी जोडपं उभं होतं. सरदारजी साठीचे असतील, बाई त्यांच्याहून थोड्या लहान. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला दर्शनाला आले होते आणि तिथून नर्सीला. शीख यात्रेकरू नर्सीला येतात, तेव्हा त्याचं आम्हाला नवल नव्हतं. पण या बाईंचा पाय चिखलात असा मुरगळला की टेकवेना. नांदेडपर्यंतचा प्रवास त्या दिवशी होण्यातला नव्हता. ह्यांनी मागचापुढचा विचार न करता त्या दोघांना गाडीत बसवलं आणि घरी आणलं.

आता खरं सांगते, मला घामच फुटला. घर तीन खोल्यांचं, धाकट्याची परीक्षा जवळ आलेली, ओले कपडे वाळत नाहीत, आणि त्यात अनोळखी पाहुणे! सासूबाई तर गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, सोवळंओवळं पाळणाऱ्या. स्वयंपाकघरात येऊन हळूच मला म्हणाल्या, “कोणाची कोण माणसं, घरात कशापायी आणली? चहा द्यायचा तर त्या जुन्या पेल्यात दे. आपली भांडी नको.”

मी दिला. आज लिहितानाही लाज वाटते, पण दिला. त्या बाईंनी चहा घेतला, लंगडत मोरीपाशी गेल्या, पेला स्वतः धुतला आणि उंबऱ्याच्या बाहेर उपडा घालून ठेवला. काही बोलल्या नाहीत. पण त्यांना समजलं होतं, आणि त्यांना समजलंय हे मलाही समजलं.

रात्री त्यांची अंथरुणं घालताना सासूबाईंना त्यांच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली एक गाठ दिसली. दागिना असेल म्हणून त्यांनी खुणेनंच विचारलं, “काय हाय त्यात?” बाईंनी गाठ सोडून दाखवली. आत नर्सीची ओली माती! “बाबाजी के गाँव की मिट्टी है, माताजी. घुमान ले जाऊँगी.”

घुमान! २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथं डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा हे नाव पेपरात रोज वाचलं होतं. पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात हे गाव आहे. आमचे पाहुणे नेमके तिथलेच निघाले. संमेलनाला आलेली मराठी माणसं पाहिली, तेव्हापासून नामदेवबाबांचं जन्मगाव पाहायची त्यांना आस लागली होती.

मग सरदारजींनी त्यांच्याकडची परंपरा सांगितली. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, त्यानंतर नामदेव उत्तरेकडे निघाले आणि आयुष्यातली सुमारे वीस वर्षं पंजाबात राहिले. भक्ती सांगितली, शिष्य केले. त्यांतल्या बहोरदासांचं नाव घुमानमध्ये आजही मानानं घेतात. १६०४ मध्ये शिखांचा ग्रंथसाहिब सिद्ध झाला, त्यात नामदेवांची ६१ पदं घेतली गेली. म्हणजे पाहा, नर्सीच्या शिंप्याचा शब्द आज जगभरच्या गुरुद्वाऱ्यांतून रोज वाचला जातो!

त्या बाईंनी डोळे मिटून त्यांतलं एक पद म्हटलं. शब्द आम्हाला निम्मेअर्धेच कळत होते. मध्येच ‘बीठल’ असं आलं आणि सासूबाई ताडकन उठून बसल्या. “अगं बाई, हा तर आपला इठोबा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात सासूबाई आधीच होत्या. हळद आणि तेल गरम करून त्यांनी त्या बाईंच्या पायाला लेप लावला होता, आणि चहा दिला होता तो स्वतःच्या, कोणालाही हात न लावू देणाऱ्या स्टीलच्या पेल्यात. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. पाहुणे चार दिवस राहिले. जाताना दोघी म्हाताऱ्या गळ्यात गळा घालून रडल्या.

ते गेल्यानंतर मी सासूबाईंना घेऊन औंढ्याला गेले. हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक अशी त्याची श्रद्धेनं गणना होते. जुनं हेमाडपंती मंदिर, बाहेरून कोरीव काम डोळ्यांत मावत नाही. गाभारा जमिनीखाली, अरुंद वाटेनं वाकून उतरावं लागतं, तेव्हा जरा जपून. विसोबा खेचरांनी नामदेवांना देव सगळीकडे आहे हे शिकवलं ते इथंच, असं मानतात. आणखीही एक गोष्ट इथं सांगतात. नामदेवांना मंदिरासमोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, तर देऊळच फिरलं आणि देवाचं तोंड त्यांच्याकडे झालं. नंदी मागं राहिलेला दाखवून पुजारी ही कथा सांगतात. ती आम्ही लहान मुलांना शंभरदा सांगितली असेल. पण ग्रंथसाहिबातल्या एका पदात नामदेवांनी स्वतःच म्हटलंय की, मी हसतखेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत असताना मला हलक्या जातीचा म्हणून उठवून लावलं. हे सरदारजींनी सांगितलं, तेव्हा ती नुसती चमत्काराची गोष्ट राहिली नाही.

सासूबाई त्या दिवशी देवळाच्या मागच्या बाजूला बराच वेळ बसून होत्या. मग म्हणाल्या, “आपल्या माणसांनी उठवला अन् परक्यांनी घरात घेतला. अन् मी त्या बाईला जुना पेला दिला.”

पुढं २०१८ च्या जानेवारीत आम्ही घुमानला गेलो. माघाच्या सुरुवातीला तिथं नामदेवबाबांचा मेळा भरतो. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दीड दिवसात अमृतसर, आणि तिथून मोटारीनं तास-दीड तास. दोन्हीकडे हिरवागार गहू, पिवळी मोहरी, आणि हाडं गोठवणारी थंडी. नामदेव दरबार गुरुद्वारा पाहिला. नामदेवांची समाधी आमची माणसं पंढरपूरच्या महाद्वारातल्या पायरीपाशी मानतात, तर घुमानकर आपल्या गावात. मी तिथं वाद घातला नाही. एका माणसाला दोन गावं आपलं म्हणतात, यात वाईट काय?

आम्ही उतरलो होतो त्याच पाहुण्यांच्या घरी, आठ दिवस. सगळ्यात चांगली खोली, जाडजूड रजया, ताटात मक्याची रोटी, सरसोंचा साग आणि वर लोण्याचा गोळा. तरी मैत्रिणींनो, तिसऱ्या दिवशी मला रडू आलं. भाषा कळेना. घरातल्या बायका हसल्या की वाटायचं, मलाच हसताहेत. डोकं झाकायचं मी विसरायची, चूक झाली की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि सारखं ‘आप बैठिए, आप बैठिए’! बसून बसून माणूस किती बसणार? मानाचा पाहुणा म्हणजे घरातला सगळ्यात एकटा माणूस, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी मी सरळ चुलीपाशी गेले आणि साग चिरायला घेतला. ‘अहो राहू द्या’ झालं, पण मी ऐकलं नाही. बरोबर नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापून दाखवली. पहिली तुटली, तेव्हा आम्ही सगळ्याच हसलो. आणि या खेपेला त्या कशाला हसताहेत हे मला ठाऊक होतं. हाताला काम मिळालं की परकेपण निम्मं जातं. संध्याकाळपर्यंत मी पाच-पंचवीस पंजाबी शब्द शिकले होते.

त्या रात्री नामदेवांचा विचार मनातून जाईना. आमचे आठ दिवस, त्यांची वीस वर्षं! परमुलखात देवाचं नाव सांगायला गेलेला माणूस. पण आधी कुणाच्या तरी ओसरीवर बसला असेल, कुणाच्या तरी हातची रोटी खाल्ली असेल. सुई-दोरा तर त्यांच्या घराण्याचाच. कुणाची फाटकी गोधडी शिवून दिली असेल का? मला उगीच वाटतं, दिली असेल. त्यांची भाषा शिकले म्हणून तर त्यांची पदं तिकडच्या लोकांच्या तोंडी बसली, आणि तरी त्या पदांत विठ्ठल राहिला, अधूनमधून मराठी वळणही डोकावत राहिलं. दुसऱ्याच्या घरात राहावं ते असं. त्यांच्यातलं व्हावं, आणि आपलं गाठीला बांधून ठेवावं.

आता तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध? आहे, बरं का. आज प्रत्येक घरातलं एखादं मूल दूर गेलंय. पुण्यात, बंगळूरला, परदेशात. कुणाच्या तरी घरी पाहुणं म्हणून राहतंय. आणि आपल्या गल्लीतही कुणाचं तरी मूल खोली घेऊन राहतंय. त्याला आपण कुठल्या पेल्यात चहा देतो, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

नर्सी-औंढा एका दिवसात सहज होतं. नांदेडपर्यंत आलाच असाल तर एक दिवस हिंगोलीसाठी ठेवा. थंडीच्या दिवसांत या. परतवारीला यायचं तर छत्री आणि जुन्या चपला हव्यात. निघताना आमच्याकडची हळद घ्या.

आणि नर्सीला हात जोडाल तेव्हा राजाईची आठवण ठेवा. नामदेवांची ही बायको. देवाच्या नादी लागलेल्या नवऱ्याचा संसार ओढताना तिनं केलेल्या तक्रारी तिच्या नावच्या अभंगांतून नामदेवांच्या गाथेत आल्या आहेत. नवरा सगळ्या जगाचा झाला, घर तिनं सांभाळलं. आणि तिकडे पंजाबात त्याला पहिली रोटी वाढणारी कोण होती, तिचं तर नावही कुणी लिहून ठेवलेलं नाही. सासूबाई आता थकल्या आहेत, पण परतवारीला देवाला एक नारळ वाढवतात आणि दुसरा बाजूला ठेवतात. “हा कुणाचा?” म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “त्या दोघींचा.”