हुरडा, बान्या काउदा आणि आबांचा कप

रविवारी हुरडा खाऊन आलो. तळहाताला दोन फोड आलेत, त्यामुळे टाइप करताना जरा जपूनच चाललंय. तर मंडळी, आजचा विषय खाण्याचा.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने तीन महिने इटलीत तोरिनोला पाठवलं होतं. वाटलं, पिझ्झा-पास्तावर दिवस काढायचे. पण तिथे ऋतू बघून जेवतात! शरदात भोपळा, मशरूम, चेस्टनट. ॲस्परॅगस मागितला तर भाजीवालीने असं बघितलं, जसं जूनमध्ये ओला हरभरा मागितल्यावर आपली आजी बघेल.

नोव्हेंबरात टीममधल्या एकाने घरी बोलावलं. बेत होता 'बान्या काउदा', म्हणजे शब्दशः 'गरम सॉस'. ऑलिव्ह तेलात भरपूर लसूण आणि अँचोवी नावाचे खारवलेले छोटे मासे मंद आचेवर विरघळवायचे. भांडं टेबलाच्या मधोमध, खाली बारीक दिवा. ढोबळी मिरची, कोबी, कार्डूनचे देठ त्यात बुडवून सगळ्यांनी खायचं. द्राक्षांचा हंगाम संपला की मळ्यात राबणाऱ्यांनी एकत्र बसून खायचं, असं हे पिएमोन्तेमधलं जुनं जेवण. "एकट्यासाठी हे कुणी करत नाही," यजमान म्हणाला.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या बैठकीत युनेस्कोने इटालियन स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं (आपली दिवाळीही त्याच बैठकीत आली). कुठल्या एका पदार्थासाठी नाही, तर रांधण्याच्या आणि एकत्र बसून जेवण्याच्या रीतीसाठी. बातमी वाचली आणि मला मामाचं शेत आठवलं.

मामा सांगली जिल्ह्यात, जतकडे. पाऊस बेताचा, रब्बीची ज्वारी हेच मुख्य पीक. दाणा भरलाय पण अजून हिरवा आणि कोवळा आहे, असे थोडेच दिवस हुरड्याचे. पुढे तो कडक होतो, मग भाकरीच. खड्ड्यात शेण्या पेटवून आगटी करायची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. फ्रीज नाही, पार्सल नाही. शेतावर जायचं आणि आगटीभोवती बसायचं.

पण सगळे बसतात का?

आमचं घर साताऱ्याचं. आजोबा लहानपणी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात होते. भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहायची, एका पंगतीत जेवायची. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. आजोबा म्हणायचे, "भाकरी कुणी थापली हे विचारायचं नाही, करपली का एवढंच बघायचं."

मामाकडे आबा आहेत. मी चड्डीत होतो तेव्हापासून हुरडा भाजतायत. यंदा ऑफिसातले दहा जण घेऊन गेलो. फोटो झाले, 'ऑसम' झालं. तासाभराने एकीने हळूच विचारलं, "आबा जेवत नाहीत का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षांत त्यांना आमच्यात बसून खाताना मी पाहिलंच नव्हतं. आम्ही उठल्यावर ते गोठ्यापाशी भाकरी सोडायचे. मी ते पाहायचो आणि मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

उठलो. म्हटलं, "आबा, तुम्ही बसा, मी भाजतो."

"तुमी खावा की पावणं. हात भाजतील."

भाजलेच. पण ते बसले, पोत्याच्या अगदी कडेला. माझी मूठभर कणसं चोळून तोंडात टाकली, चावली आणि म्हणाले, "कच्चा ऱ्हायलाय." सगळे हसले, तेही हसले. मामा मात्र गप्प होता.

इथे थांबलो असतो तर पोस्ट छान झाली असती. पण संध्याकाळी निघताना वाड्यावर चहा आला. आम्हाला ट्रेमधून. आबांनी खिडकीतल्या कोनाड्यातला आपला कप काढला, विसळला, पुढे धरला. मामीने वरून ओतला. मी ते पाहिलं आणि चहा पिऊन गाडीत बसलो. एक शब्द बोललो नाही.

ऋतूचं खाणं मला तोरिनोत नव्याने कळलं म्हणून मी मिरवत होतो. पंगत म्हणजे काय हे आजोबांनी घरातच सांगितलं होतं. ते मी गोष्टीसारखं ऐकलं आणि सोडून दिलं.

फोड आठवड्यात बरे होतील. मामाला फोन करायचाय, हुरड्याबद्दल नाही, कपाबद्दल. दोनदा नंबर काढून ठेवून दिला. आज रात्री करतो.