खाडीकाठावरून सड्यावर

रत्नागिरीतून फुले पाहायला निघालेला माणूस बहुधा कुंभार्ली घाट चढून कासला जातो. कासही जांभ्याचाच सडा, 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत गेलेला. तसलाच कातळ आपल्या डोक्यावर आहे. श्रावणात एकदा खाडीकाठच्या एखाद्या गावातून पाखाडीने तो चढून बघावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि ते केवळ फुलांसाठी नाही. ज्या सड्याला आपण सर्रास पडीक म्हणतो, तो खालच्या गावाचे पाणी धरून असतो. ही गोष्ट पायी चढताना जशी उमगते तशी गाडीतून उमगत नाही. मुचकुंदी घ्या, काजळी घ्या, शास्त्री घ्या, क्रम साधारण तोच. तळाला खाजण आणि भातखाचरे, मग नारळी-पोफळीची आगरे, घरे, आणि घरांमागे जांभ्याच्या पायऱ्यांची उभी पाखाडी. शेवाळाने पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात, त्यामुळे चाल मंदावते आणि शेजारून उतरणारा पऱ्ह्या बराच वेळ सोबत राहतो. चढ संपता संपता झाडी एकदम थांबते. मागे वळून पाहावे तर खाडी वळणे घेत समुद्राकडे निघालेली. पुढे पऱ्ह्याचा उगम शोधू लागावे, तर वर ना नदी, ना डोंगर. फुलांनी भरलेला ओला दगड तेवढा आहे.

या दगडाकडे वाकूनच पाहावे लागते. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशाच पावसाने युगानुयुगे काळ्या पाषाणातली विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा जांभा झाला. वर माती असते बोटभर, तीही निकस. म्हणून इथे दवबिंदू नावाची वनस्पती चिकट केसांनी किडे धरते आणि सीतेची आसवे आपल्या इवल्या फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. पहिल्या पावसाबरोबर कंदातून वर येणारी दीपकाडी तर दक्षिण कोकणाच्या सड्यांचीच. सडा पाणी धरतो याचा मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो सीतेच्या आसवांचा. ते फुगे ओलाव्यावाचून काम करत नाहीत. पावसाने चार दिवस उघडीप दिल्यावरही जिथे ती निळी-जांभळी फुले ताजी दिसतात, तिथे कातळातून पाणी पाझरते आहे असे समजावे. सच्छिद्र जांभ्यातून ते खाली मुरते, चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. गावाच्या विहिरी त्याच उताराच्या पायथ्याशी असतात.

यावर सड्याखालचे लोकच विचारतात, आठ महिने तापणाऱ्या कातळाने पोट भरते का? प्रश्न खरा आहे. चिरेखाणीने हातांना काम दिले, आणि कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून लावलेल्या हापूसने अनेक घरे सावरली. आमच्या कोकणातली घरेही चिऱ्याचीच, तेव्हा चिरा काढूच नये असे मी म्हणू शकत नाही. माझा आक्षेप हिशेबाला आहे. चिऱ्याचा भाव, कलमाचे उत्पन्न आपण मोजतो. झऱ्याचे पाणी फुकट आले म्हणून ते मोजतच नाही. खाणीच्या खड्ड्यातही पाणी साठते, हा युक्तिवाद अर्धाच आहे. ते पाणी उन्हात उघडे पडते, आणि बोटभर ओल्या मातीवर जगणाऱ्या वनस्पतींना त्या खोल खड्ड्यात जागा नाही. निदान ज्या सड्याच्या कुशीत गावाचा झरा आहे, तो कापण्याआधी ही बेरीज मांडायला हवी.

सडा रिकामा आहे हे म्हणणे मुळातच अलीकडचे. उक्षी, कशेळी, बारसू इथल्या कातळावर कुणीतरी हत्ती, वाघ, माणसे कोरली. 2022 मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कोरणाऱ्यांची वस्ती, भाषा आपल्याला ठाऊक नाही, पण त्यांना ही जागा टाकाऊ वाटत नव्हती एवढे दगडच सांगतो. ज्यांचे गुडघे पाखाडी चढू देत नाहीत त्यांच्यासाठी बऱ्याच सड्यांवर डांबरी रस्ता आहेच. गाडी मात्र त्याच्या कडेलाच थांबावी, कारण एका चाकाखाली गेंदाच्या फुलांचा अख्खा ताटवा चिरडतो. दिवाळीपर्यंत वरचे गवत पिवळे पडते, फुले संपतात, कातळ पुन्हा काळा दिसू लागतो. तेव्हा पाखाडी उतरताना कान द्यावा. काही गावांत पऱ्ह्या अजून वाहत असतो.