मधला माणूस

शनिवारी सकाळी वटारला वाडीत पाणी लावत होतो, तेवढ्यात मॅनेजरचा फोन. परदेशी क्लायंटने सहा महिन्यांच्या कामाचे पैसे अडवलेत. ते म्हणतात काम अर्धवट, आम्ही म्हणतो मागण्याच बदलत गेल्या. त्यातला मोठा भाग मीच लिहिलेला. पोटात गोळाच आला. इकडे पाट फुटून पाणी शेजारच्या केळीत!

रात्री कॉन्ट्रॅक्ट उघडलं. आधी मध्यस्थी, ती फसली तर सिंगापूरला लवाद. मला तोवर दोन्ही एकच वाटायचं. तसं नाहीये. लवाद निवाडा देतो, तो पाळावा लागतो. मध्यस्थ काहीच ठरवत नाही. घटकाभर या खोलीत बसतो, घटकाभर त्या खोलीत, आणि एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला विचारल्याशिवाय सांगत नाही. सही करायची की नाही, हे शेवटपर्यंत आपल्या हातात.

मग सगळे लवादाकडे का धावतात? तर 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे तो निवाडा दुसऱ्या देशातही बजावता येतो. तडजोडीच्या कागदाला ही सोय नव्हती. त्यासाठी 7 ऑगस्ट 2019 ला सिंगापूरमध्ये वेगळ्या करारावर 46 देशांनी सह्या केल्या, भारतानेही. पण नुसत्या सहीने करार लागू होत नाही, आणि आपला 2023 चा मध्यस्थी कायदा भारतात चाललेल्या मध्यस्थीपुरताच आहे. म्हणजे बसायचं कुठे, हेही आधी बघायला हवं.

आपल्याकडचं दाभोळ आठवा. 2001 मध्ये एन्रॉनचा प्रकल्प बंद पडला. मग लंडनला लवाद, इथे कोर्टबाजी, अमेरिकेत विम्यावरून आणखी एक भांडण. आणि मिटलं कसं? 2005 मध्ये जीई आणि बेक्टेलशी वाटाघाटी करूनच! तोवर वीजकेंद्र नुसतं उभं. एवढे वकील पोसल्यावर टेबलावरच यायचं होतं, तर आधीच का नाही आले? असो.

माझी गोची वेगळीच आहे. रिपोर्टचे दोन स्क्रीन खरंच अपुरे राहिलेत. हे ईमेलमध्ये लिहिलं तर उद्या आमच्याच गळ्याशी येईल. मध्यस्थीत बोललेलं मात्र सहसा पुढे लवादात पुरावा म्हणून वापरता येत नाही. सोमवारी मॅनेजरला हेच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दोन स्क्रीनच ना? नक्की?"

आता बसून मोजतोय.