लाल मातीचा हौद

गुडघ्याच्या दुखण्यानं यंदा बरंच अंथरूण धरायला लावलं. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून पहाटे लातूरच्या जिल्हा क्रीडा संकुलात हळूहळू चालतो. भरतीची तयारी करणारी पोरं मागून येतात. ‘काका, बाजूनं!’ म्हणत पुढे निघून जातात. राग येत नाही. हेवा मात्र वाटतो. तो कशाचा, त्यांच्या पायांचा की घाईचा, हे नीट कळत नाही.

अशा वेळी लातूरच्याच सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या कुस्त्या आठवतात. हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली ती लाल माती. तिच्यात पाठ टेकणं ही हार असते, पण नामुष्की नसते; पडलेला मल्ल अंग झाडून उठतो, समोरच्याला मिठी मारतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार अशाच मातीत घडले आणि १९७० साली एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले.

नांदेडला पाहुण्यांकडे गेलो की गुरु गोविंदसिंघजी स्टेडियमकडे पाय वळतात. होळीच्या वेळी शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीत तर नांदेडचा रस्ताच मैदान होतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा हंड्यापुढे खेळ कुणाला सुचणार? तरी संध्याकाळी पोरं धुळीत खेळतच होती. ती कुठून एवढं बळ आणत, कोण जाणे.

शिकवणी वर्गांच्या या शहरात पोरांना गुणांइतकीच पडायलाही हक्काची जागा हवी. आपल्या गल्लीतलं मोकळं मैदान तेवढं राखा.