केक पानापर्यंत पोचू दे

कलघटगी, चैत्र वद्य पंचमी

चि. मुक्ता हिस,


रिसेप्शनला तीन मजली केक ठरलाय, हे ताईकडून कळलं. केक आपला नाही असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. धारवाडचा पेढाही उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबानेच इथे रुजवला. माझं सांगणं एवढंच, की केक पाहुण्यांच्या तोंडात पडला पाहिजे. हल्ली फोटोपुरती सुरी फिरते, नवरानवरी एकमेकांना घास भरवतात आणि बाकीचा केक स्टेजमागे पाघळत राहतो. बोलावलेलं माणूस गोडाशिवाय परतलं, तर मला फार लागतं.

आधी हिशेब कर. लग्नाच्या केकचा तुकडा एक इंच रुंद, दोन इंच लांब आणि थराच्या पूर्ण उंचीचा धरतात. बारा, दहा आणि आठ इंची थरांतून असे साधारण 118 तुकडे निघतात. तुमची पानं पाचशे! तेव्हा त्याच चवीचे साधे चौकोनी केक वेगळे सांग. ते आत कापले जाऊ देत. वाढदिवसासारखे त्रिकोण नकोत. गोल थराला काठापासून दोन इंच आत गोल चीर द्यायची, बाहेरच्या कड्याचे इंचाइंचाचे तुकडे पाडायचे, मग आतला भाग घ्यायचा. सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसायची.

वैशाखाचा उकाडा विसरू नकोस. लोणी 32 ते 35 अंशांत वितळतं, फेटलेलं क्रीम त्याच्या कितीतरी आधी बसतं. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांतला सुक्या मेव्याचा, रम मुरलेला केक उन्हाळ्यातही टिकतो, पण तुझं सासर लिंगायत, तिथे तो चालायचा नाही. बटरक्रीमचा घे. हुबळीहून तो एसी गाडीतून आणा आणि वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढा. गार लोण्याला चवच लागत नाही.

अंड्याचं तर अगदी स्पष्ट हवं. केक बिनअंड्याचा असेल तर प्रत्येक वाढप्याला ते ठाऊक असू दे, म्हणजे कुणी अज्जी हात आखडता घेऊन बसल्या तर तो लगेच ‘तत्ती इल्ल’, अंडं नाही, म्हणून सांगेल. त्याशिवाय त्या तुकड्याला शिवणारसुद्धा नाहीत.

आणि केकचं वेगळं टेबल मांडू नका. म्हातारी माणसं उठून रांगेत जात नाहीत. बेळगावकडे मांडे जसे पानावर आग्रहाने वाढतात, तसाच केकही भाताआधी पंगतीत फिरवा, पोट भरायच्या आत.

बेकरीवाल्याशी बोलून मला फोन कर. तोवर मी इथल्या दोघातिघा पोरांना कापायला शिकवून ठेवते.

तुझी,
मावशी